महिन्यानं दाखवायला या

नांदेडच्या छातीविकारतज्ज्ञाकडून परतताना आखाडा बाळापूरच्या माणसाच्या एका हातात फाईल असते, दुसऱ्या हातात नव्या मशिनची बॅग असते, आणि फाईलमधल्या शेवटच्या कागदाच्या तळाशी एक ओळ असते : महिन्यानं दाखवायला या. वारंगा फाट्यावर चहाला थांबेपर्यंत मशिनची किंमत, डॉक्टरांची फी, आता तरी झोप लागेल का, हे सगळं बोलून होतं. त्या ओळीबद्दल कोणी बोलत नाही. महिन्यानं सोयाबीन काढणीला आलेलं असतं, नाहीतर हळद शिजवायची असते, नाहीतर पोरीच्या सोयरिकीची बैठक ठरलेली असते. आणि मशिन तर घरात आलंच आहे, मग पुन्हा जायचं कशाला?

स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, यावर मराठीत आता बरंच लिहून येतं. घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे, हे सांगून झालं. तपासणी कशी होते, मशिन कसं चालतं, हेही सांगून झालं. मशिन घरी आल्यावर पुढं काय, याबद्दल मात्र फारसं कोणी सांगत नाही, आणि रुग्ण हातचा जातो तो नेमका तिथं. म्हणून हा आढावा फक्त त्या पुढच्या भेटींचा : त्या कशासाठी, त्यांत काय पाहतात, त्यांनी फरक पडतो हे कशावरून, आणि बाळापुरातून त्या जमवायच्या कशा.

आजार थोडक्यात सांगतो. झोप लागली की घशाच्या मागचे स्नायू सैल पडतात. काहींच्यात ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट मिटते. छाती वर-खाली होत राहते, पण हवा आत जात नाही. अशी निदान १० सेकंदांची अडवणूक झाली की तिला ॲप्निया म्हणतात. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, मोठा घुरका येऊन वाट उघडते, आणि माणूस पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. तासाला असं किती वेळा होतं, पूर्ण आणि अर्धवट अडथळे धरून, तो आकडा म्हणजे एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीस म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा गळा आवळला जाणं, तेही रात्रभर, वर्षानुवर्षं. रक्तदाब चढतो, हृदयाला ताण बसतो, दिवसा पेंग येते, आणि अशी पेंग घेऊन स्टेअरिंगवर बसणाऱ्याच्या अपघाताची शक्यता दुपटीच्या आसपास वाढते. नांदेड-हिंगोली रस्त्यावर रात्रीच्या मालमोटारी पाहिल्या की हा आकडा माझ्या मनातून जात नाही.

हा आजार परदेशातल्या लठ्ठ लोकांचा, असं अजून पुष्कळांना वाटतं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत १९.५ टक्के पुरुषांना झोपेत श्वासाचा अडथळा निघाला, आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसाची पेंगही होती. ही माणसं आजारी म्हणून आलेली नव्हती, हे विशेष. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून हाच आजार सांगितला. त्या आठवड्यात पुष्कळ घरांतून घोरणाऱ्या माणसाकडं पहिल्यांदा काळजीनं पाहिलं गेलं.

उपचाराचं मुख्य साधन ऑस्ट्रेलियातून आलं. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांचा अनुभव मांडला. नाकावर मास्क बसवून त्यातून हलक्या दाबाची हवा सतत सोडली, तर ती हवाच घशाची वाट आतून उघडी धरून ठेवते, असं त्यांनी दाखवलं. त्याआधी तीव्र आजारावर खात्रीचा इलाज म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची वेगळी वाट करणं. सुलिव्हनांच्या युक्तीतून आजचं सीपॅप मशिन आलं. पण हे मशिन आजार घालवत नाही, ते लावलं आहे तोवर आजाराला थोपवून धरतं. मास्क काढून कूस बदलली की घसा पुन्हा मिटतो. चष्मा काढल्यावर अक्षरं पुन्हा पुसट व्हावीत, तसं. त्यामुळं औषधाचा कोर्स संपवून मोकळं व्हावं, असा हा उपचार नाही. रोज रात्री, आणि तेही रात्रभर. पुढच्या भेटींची गरज यातूनच येते.

खरी कसोटी पहिल्या आठवड्यात असते. अमेरिकेतल्या टेरी वीव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली रुग्णांच्या मशिनमधल्या नोंदी रात्रीमागून रात्री तपासल्या. नियमित वापरणारे आणि टाळाटाळ करणारे यांच्यातला फरक चौथ्या दिवसापर्यंतच दिसायला लागला होता. चौथा दिवस! आपल्याकडं पहिली भेट ठरते महिन्यानं, आणि होते कधी कधी वर्षानं. तोवर माणसाचं मशिनशी जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. नाक कोरडं पडतं, सकाळी तोंडाला कोरड असते, मास्कच्या कडेनं हवा सुटून डोळ्यांत जाते, नाकाच्या हाडावर लाल व्रण उठतो, पोटात हवा भरते, तोंड झाकल्यावर जीव घाबरा होतो. यातल्या जवळजवळ प्रत्येक तक्रारीवर उपाय आहे, आणि बहुतेक उपाय साधे आहेत : मास्कचा आकार बदलणं, नाकात मिठाच्या पाण्याचा फवारा, दाबाची सुरुवात कमी ठेवणं, दिवसा टीव्ही पाहताना मास्क लावून सवय करणं. पण कोणी विचारलं तर उपाय सांगणार. विचारणारं माणूस नसलं की मशिन माळ्यावर जातं.

माझ्या मामांचं तसंच झालं. मामा बाळापूरच्या मोंढ्यात आडतीवर बसतात. हिशेबाच्या वहीवर मान पडायची, मुनीम कोपरानं ढोसायचा. मामी म्हणायच्या, ‘रात्री यांचा दम मधीच थांबतो, मी मोजत बसते.’ तपासणी झाली, एएचआय चाळिशीच्या पुढं निघाला, मशिन घेतलं. ते बसवून द्यायला शहरातल्या दुकानाचा एक मुलगा आला होता. त्यानं बटणं दाखवली, एकच मास्क होता तो चढवला, सही घेतली आणि गेला. पुढं मामांनी त्याला तीनदा फोन केला. दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा ‘सवय होईल’ म्हणाला. दिवाळीला मी गेलो तेव्हा मशिन कपाटावर होतं, वर धुतलेली चादर झाकलेली. मामांना विचारलं तर म्हणाले, ‘लावतो की अधूनमधून.’

मामा खोटं बोलत नव्हते, त्यांना तसं वाटतच होतं. हे फक्त त्यांचं नाही. १९९३ साली अमेरिकेत क्रिब्ज आणि सहकाऱ्यांनी मशिनमध्ये वापर मोजणारं यंत्र बसवून पाहिलं. ‘मी रोज लावतो’ म्हणणारे ६० टक्के होते. पण निदान ७० टक्के दिवस, निदान चार तास, इतका वापर नोंदीत सापडला तो ४६ टक्क्यांच्याच. तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली : डॉक्टरनं रुग्णाला विचारावं जरूर, पण मशिनलाही विचारावं.

आता प्रत्यक्ष भेटीत काय होतं ते पाहू. हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण काय पाहायचं हे ठाऊक असलेला रुग्ण डॉक्टरांना प्रश्न विचारू शकतो.

मशिनच्या बाजूला नखाएवढं एक कार्ड असतं. लोक त्याला चिप म्हणतात. काही मशिनं हीच माहिती मोबाईलवरून थेट पाठवतात. पुन्हा दाखवायला जाताना पूर्ण मशिन न्यावं, पट्टे-नळी-मास्कसकट. ते जमलं नाही तर निदान हे कार्ड. त्यातून डॉक्टरांना तीन गोष्टी कळतात. पहिली, किती रात्री आणि किती तास. दुसरी, मास्कमधून हवा किती सुटते. तिसरी, मशिन लावूनही उरलेला एएचआय किती. हा उरलेला आकडा पाचाच्या खाली असावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा. तो वर असेल तर दाब कमी पडतोय का, हवा फार सुटतेय का, रुग्ण उताणा झोपतोय का, रात्री दारू किंवा झोपेची गोळी होतेय का, हे शोधायचं. क्वचित असंही होतं की मशिन सुरू केल्यावर घशाची वाट उघडी राहते, पण मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम अधूनमधून चुकतो. पुष्कळदा हे काही आठवड्यांत आपोआप निवळतं, काहींना वेगळं मशिन लागतं. हा फरक दुकानातल्या मुलाला कळणार नाही, कार्ड वाचणाऱ्या डॉक्टरलाच कळणार.

तासांच्या आकड्याबद्दल थोडं थांबायला हवं. ‘चार तास’ ही रेघ सगळीकडं ऐकू येते. अमेरिकेतल्या ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेत पहिल्या तीन महिन्यांत सलग ३० दिवसांतल्या ७० टक्के रात्री चार-चार तास वापर दिसावा लागतो, आणि ३१ व्या ते ९१ व्या दिवसाच्या दरम्यान डॉक्टरांची समोरासमोर भेट व्हावी लागते, तरच मशिनचे पैसे पुढं मिळतात. म्हणजे तिथं भेट न होण्याची किंमत पैशांत मोजली जाते, म्हणून ती होते. पण चार तास हा हिशेबाचा आकडा आहे, झोपेचा नव्हे. रात्रीच्या उत्तरार्धात स्वप्नांची झोप जास्त असते, आणि त्या झोपेत स्नायू सगळ्यांत सैल असल्यानं श्वासही तेव्हाच जास्त अडकतो. दहाला मास्क लावून दोनला काढून टाकणाऱ्याचे चार तास भरतात, पण त्याची सगळ्यांत वाईट वेळ उघडीच राहते. वीव्हर यांच्याच २००७ सालच्या अभ्यासात दिसलं की पेंग कमी होण्याची नोंद रुग्ण चार तासांच्या वापरानं देतात, पण रोजच्या कामकाजातली पूर्ण सुधारणा साडेसात तासांपर्यंत वाढत जाते. म्हणून तास किती, याच्या जोडीनं ‘मास्क कधी निघतो आणि का निघतो’ हे विचारणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो. मामा पुन्हा दाखवायला गेले तेव्हा कळलं, त्यांचा मास्क पहाटे तीनला निघत होता. लघवीला उठायचे आणि परत लावायचे नाहीत, एवढंच.

कार्डापलीकडं माणूस असतो. पेंग मोजायला मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली आठ प्रश्नांची मोजपट्टी केली, एपवर्थ रुग्णालयाच्या नावावरून तिला एपवर्थ मोजपट्टी म्हणतात. वाचत बसल्यावर, टीव्ही पाहताना, जेवणानंतर शांत बसल्यावर डुलकी लागण्याचा किती संभव, याला शून्य ते तीन गुण, एकूण २४. यातले काही प्रश्न बाळापूरच्या माणसाला परके वाटतात. ‘रहदारीत थांबलेल्या मोटारीत’ यापेक्षा ‘एसटीत खिडकीशी बसल्यावर’ असं विचारलं तर चटकन उत्तर येतं. सप्ताहाच्या कीर्तनात बसल्यावर डोळा लागतो का, हाही चांगला प्रश्न आहे. ड्रायव्हर माणूस मात्र पेंग कबूल करत नाही, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न असतो. त्याला दम भरून काही कळत नाही. गाडी बाजूला घेऊन झोपावं लागतं का, असं विचारलं की तो सांगतो.

रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजायचा, वजन प्रत्येक भेटीत करायचं. मशिन सुरू झालं म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनानं बंद करणारे पुष्कळ भेटतात. मशिननं रक्तदाब उतरतो तो सरासरीनं दोन-तीन अंकांनीच. तेवढ्यावर गोळी सुटत नाही. मशिन नीट वापरूनही पेंग जात नसेल तर थायरॉइड, रक्तातलं लोह, मनाची उदासी, आणि सगळ्यांत आधी झोपेचे एकूण तास तपासायचे. रात्री पाच तास झोपणाऱ्याला मशिन सहावा तास देऊ शकत नाही.

आणि मामींना सोबत न्यायचं. जो झोपलेला असतो त्याला काही कळत नाही, शेजारी जागं असणाऱ्याला कळतं. घोरणं पुन्हा ऐकू येतं का, मास्कमधून शीळ वाजते का, हे मामींखेरीज कोण सांगणार? मामींच्या दोन वाक्यांनी डॉक्टरांना जे कळलं, ते मामांच्या दहा मिनिटांच्या बोलण्यातून कळलं नव्हतं.

या भेटींनी खरंच फरक पडतो का? एडिंबराच्या हॉय आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली ८० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीसारखी मदत. दुसऱ्याला जादा : घरी जाऊन समजावणं, जोडीदारालाही सांगणं, सुरुवातीला रुग्णालयात जास्त रात्री, मग परिचारिकेच्या घरभेटी. सहा महिन्यांत पहिला गट रात्री सरासरी ३.९ तास मशिन लावत होता, दुसरा ५.४ तास. मशिन तेच, फरक माणसांनी पाडला. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, १,४५५ रुग्णांच्या एका चाचणीत घरभेटींच्या जागी मोबाईलवरचे संदेश होते. मशिनची नोंद रोज आपोआप पोचायची आणि वापर घसरला की रुग्णाला निरोप जायचा. उपचाराआधी समजावून दिलेल्या माहितीची जोड मिळाल्यावर त्या गटाचा वापर ९० दिवसांनी ४.८ तास भरला, नुसत्या नेहमीच्या व्यवस्थेत ३.८ तास.

उलट बाजूनं पाहायचं तर २०१६ सालची ‘सेव्ह’ नावाची मोठी चाचणी आहे. हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेल्या २,७१७ रुग्णांत मशिननं पुढचे झटके टळतात का, हे पाहिलं. टळले नाहीत. बातमी अशी झाली की मशिनचा हृदयाला उपयोग नाही. पण त्या चाचणीत मशिन सरासरी ३.३ तासच लावलं गेलं होतं. या निष्कर्षावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, आणि मी तो मिटवू शकत नाही. पेंग कमी झाली, मन हलकं झालं, हे त्याच चाचणीत दिसलं. अर्ध्या रात्रीच्या उपचारावरून पूर्ण रात्रीचा निकाल लावणं मला तरी पटत नाही.

आता बाळापूर. इथं ग्रामीण रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत, झोपेचा डॉक्टर नाही. आपल्या भागात झोपेचा डॉक्टर म्हणजे बहुतेक वेळा छातीविकारतज्ज्ञ, कधी कान-नाक-घसातज्ज्ञ. त्यासाठी वारंगा, अर्धापूर करत नांदेड गाठायचं. सरकारी रुग्णालयात दाखवायचं तर पुढं विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. हिंगोलीलाही २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथला छातीविकार विभाग पुढं भरभक्कम झाला तर आपली एक दिशा वाढेल. जाणं-येणं, ओपीडीची रांग, कार्ड वाचणं यात पूर्ण दिवस जातो. रोजानं काम करणाऱ्याची एका दिवसाची मजुरी, आणि सोबत आलेल्याची दुसरी.

पण अंतर हेच कारण, असं मी मानत नाही. लग्नाच्या बस्त्याला आपण नांदेडला चार खेपा करतो. भेट का हवी हे कोणी सांगितलेलं नसतं आणि तारीख कोणी ठरवून दिलेली नसते, हे मोठं कारण आहे. दुसरं असं की प्रत्येक भेट तज्ज्ञाकडंच व्हायला हवी असं नाही. २०१३ साली ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेली दक्षिण ऑस्ट्रेलियातली एक चाचणी बाळापूरच्या प्रत्येक डॉक्टरनं वाचावी अशी आहे. १५५ रुग्णांपैकी काहींचा उपचार आणि पाठपुरावा मोठ्या रुग्णालयाच्या झोपकेंद्रात झाला, काहींचा नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडं आणि त्यांच्या परिचारिकेकडं. त्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना आधी थोडं शिकवलं होतं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांची पेंग सारखीच कमी झालेली होती.

म्हणजे काम वाटून घेता येतं. आजाराचं निदान, दाब ठरवणं, गुंतागुंतीची केस, उरलेला एएचआय खाली न येणं, हे तज्ज्ञाचं. पहिल्या आठवड्यातला फोन, मास्क नीट बसला का हे पाहणं, रक्तदाब, वजन, ते आठ प्रश्न, कार्डावरची माहिती व्हॉट्सॲपनं तज्ज्ञाला पाठवणं, हे गावातल्या डॉक्टरचं आणि सिस्टरचं. मार्च २०२० मध्ये देशात दूरवैद्यकाचे नियम आले, तेव्हापासून आधी पाहिलेल्या रुग्णाला व्हिडिओवर पुन्हा पाहणं डॉक्टरांना रीतसर करता येतं. ई-संजीवनी ही सरकारी सेवा २०१९ पासून आहे, आणि गावातल्या आरोग्य केंद्रातून दूरच्या डॉक्टरपर्यंत पोचावं हाच तिचा हेतू. माझ्या मते आपल्या भागासाठी बेत असा असावा : चार दिवसांत फोन, पंधरा दिवसांत गावातच मास्क आणि रक्तदाब, महिन्यानं नांदेडला समोरासमोर भेट, तिसऱ्या महिन्यात व्हिडिओ, मग सगळं ठीक असेल तर वर्षातून एकदा.

पुस्तकी सल्ल्यात न सापडणाऱ्या काही गोष्टी इथल्या डॉक्टरनं विचारायला हव्यात. फेब्रुवारीपासून आपल्याकडं हळद शिजते, वाळते, ड्रममध्ये पॉलिश होते. ती पिवळी धूळ घरभर असते आणि मशिनच्या गाळणीत बसते. कंपनीच्या पुस्तकात गाळणी महिन्यानं बदला असं असेल तर हळदीच्या दिवसांत ती आठवड्यानं पाहावी लागते. बोअरचं पाणी जड. ते मशिनच्या वाफेच्या डबीत घातलं की पांढरा थर धरतो. उकळून जंतू मरतात, क्षार जात नाहीत. म्हणून मेडिकलवरून डिस्टिल्ड वॉटर मागवावं, आणि डबीतलं पाणी रोज बदलावं. लाईट गेली की मशिन बंद पडतं, मास्क काढावा लागतो, आणि मग तो रात्रभर बाजूलाच. वाफेची सोय बंद ठेवली तर मशिनला छताच्या पंख्यापेक्षाही कमी वीज पुरते, तेव्हा घरातल्या इन्व्हर्टरवर ते रात्र काढू शकतं. हे सांगितलं की लोकांच्या चेहऱ्यावरची काळजी उतरते. उन्हाळ्यात गच्चीवर झोपणाऱ्यांसाठी वायर वर नेणं, हाही उपचाराचाच भाग धरावा.

रब्बीत रात्रीच्या पाळीची लाईन असते तेव्हा शेतकरी पाणी द्यायला रात्री रानात असतो. कार्डावर त्या रात्री कोऱ्या दिसतात. डॉक्टर रागावले तर तो पुढच्या वेळी कार्डच आणणार नाही. त्याला एवढंच सांगायचं की पहाटे येऊन झोपशील तेव्हा लाव, दिवसा झोपशील तेव्हाही लाव. श्वास घड्याळ पाहून अडकत नाही. मिशीचंही तसंच. आपल्याकडच्या भरदार मिशीवर नाकाचा मास्क नीट बसत नाही आणि कडेनं हवा सुटते. मिशी काढा म्हणणारा डॉक्टर रुग्ण गमावतो. नाकपुड्यांत बसणाऱ्या उशांचा मास्क देऊन पाहावा. मामांचा प्रश्न असाच सुटला.

पैशांचं बोलायला हवं. चांगल्या मशिनला तीस-चाळीस हजारांपासून पुढं पडतात, मास्क आणि नळ्या अधूनमधून बदलायच्या. एवढा खर्च केलेल्या माणसाला पुन्हा फी भरायला लावणं जड जातं. माझं म्हणणं असं की मशिन घेतानाच पहिल्या तीन महिन्यांच्या भेटी आणि एकदा मास्क बदलून देणं किमतीत धरावं, आणि ते बिलावर लिहून घ्यावं. कार्डाची माहिती ही रुग्णाची आहे, ती त्याच्या डॉक्टरलाही मिळाली पाहिजे, हेही तेव्हाच बोलून घ्यावं.

पुढच्या वर्षांत भेटी विरळ होतात, संपत नाहीत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या दीर्घ पाहणीत वजन १० टक्क्यांनी वाढलेल्यांचा एएचआय सुमारे ३२ टक्क्यांनी चढला, १० टक्क्यांनी घटलेल्यांचा सुमारे २६ टक्क्यांनी उतरला. म्हणजे वजन बरंच हललं तर जुना दाब चुकतो. सगळं ठीक चालू असणाऱ्याची झोपतपासणी दर वर्षी पुन्हा करायची गरज नाही. वजनात मोठा फरक, हृदयाचा नवा त्रास किंवा गेलेली पेंग परत येणं, यांपैकी काही असेल तर करावी. दातांच्या डॉक्टरकडून जबडा पुढं धरणारी पट्टी घेतलेल्यांनी, किंवा घशाची शस्त्रक्रिया केलेल्यांनी मात्र उपचारानंतर तपासणी करून घेतलीच पाहिजे, कारण त्यांना रोजचा आकडा सांगायला मशिन नसतं. घोरणं थांबलं म्हणजे अडवणूक थांबली, असं होत नाही. लहान मुलांच्या टॉन्सिल काढल्यावरही घोरणं उरलं तर पुन्हा दाखवावं. आणि कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरला आपला हा आजार सांगावा.

नवी औषधं येत आहेत. वजन उतरवणाऱ्या टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं लठ्ठपणासोबतच्या मध्यम आणि तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मान्यता दिली. भारतात ते मार्च २०२५ पासून मधुमेह आणि लठ्ठपणासाठी विकलं जातं. महाग आहे. ते घेणाऱ्यानं आता मशिन नको असं स्वतःच ठरवू नये. वजन उतरल्यावर तपासणी करून डॉक्टरांसोबत ठरवावं. भेटी चालू ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. जून २०२१ मध्ये फिलिप्स या मशिन बनवणाऱ्या कंपनीनं मशिनमधला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याच्या शक्यतेमुळं जगभरची लाखो मशिनं परत बोलावली होती. ज्यांची नावं डॉक्टरांच्या वहीत होती त्यांना कोणीतरी कळवू शकलं.

मामांची फाईल आता जाड झाली आहे. गेल्या खेपेला रक्तदाब बरा निघाला, मास्क पहाटे पाचपर्यंत राहतो. उठताना डॉक्टरांनी मामींना सहज विचारलं, ‘तुम्हाला कशी झोप लागते?’ मामी म्हणाल्या, सकाळी डोकं जड असतं, दिवसभर अंग ओढत काम करते, घोरते का ते माहीत नाही, कारण ऐकणारा मास्क लावून झोपलेला असतो. पाळी गेल्यानंतर बायकांच्यात हा आजार वाढतो. त्यांची लक्षणंही बऱ्याचदा घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, तुटक झोप अशी असतात, आणि त्यांना कोणी तपासायला नेत नाही. पुढची तारीख आता दोघांची आहे. डॉक्टरांनी मार्चमधली लिहिली होती. मामी म्हणाल्या, तेव्हा हळद शिजवायची असते, मी येणार नाही. त्यांनी ती खोडून जानेवारीची घातली.